झाडाचे औषध टाकीत : काष्ठौषधी व्यापारी आणि टाकी बनवणारा कारागीर यांच्यासाठी एक धडा

काष्ठौषधीचा व्यापार करणारा आणि स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणारा, या दोघांच्या धंद्याचा एकमेकांशी काही संबंध नाही, असा सर्वसाधारण समज आहे. एक जण पेठेतल्या दुकानात मुळ्या, साली, पाला यांची पोती मोजतो. दुसरा रावेत, चिंचवड, भोसरीच्या शेडमध्ये आर्गन वेल्डिंगचा टॉर्च धरतो. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत औषधांच्या जगात असा एक बदल घडून येत आहे, की ज्याच्याशी या दोघांच्याही रोजीचा संबंध येतो. जे औषध आजवर झाडातून काढले जात होते, ते आता टाकीत वाढवलेल्या यीस्टकडून, म्हणजे पाव फुगवणाऱ्या खमीरासारख्या सूक्ष्मजीवाकडून, करून घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत. काही ठिकाणी ते यशस्वी झाले आहेत, काही ठिकाणी यश मिळूनही धंदा बुडाला आहे.

हा बदल नेमका काय आहे, त्यात कोणाचे नुकसान व कोणाचा फायदा आहे, आणि आपल्या भागातील व्यापारी व कारागीर बंधूंनी त्यातून काय शिकावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पिंपरीला हे काम नवे नाही

टाकीत सूक्ष्मजीव वाढवून औषध काढण्याच्या कामाची आपल्या देशातील मोठी शाळा पिंपरीतच उघडली गेली. भारत सरकारने १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. औषधनिर्मितीतील ती पहिली सरकारी कंपनी होय. युनिसेफने यंत्रसामग्री व जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य दिले आणि १९५५ च्या ऑगस्टमध्ये येथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन ही एका बुरशीची देणगी आहे. साखर, मक्याचा अर्क, काही क्षार आणि भरपूर निर्जंतुक हवा देऊन ही बुरशी मोठ्या टाकीत वाढवली जाते आणि ज्या पाण्यात ती वाढते त्या पाण्यातच औषध उतरते.

याच कारखान्याच्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी पिंपरीच्या मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला. त्याला 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना' असे नाव मिळाले आणि त्यापासून काढलेल्या बुरशीनाशक औषधाला कंपनीच्या नावावरून 'हॅमायसिन' म्हटले गेले. पायाखालच्या मातीतही किती मोलाचा माल असू शकतो, याचे हे घरचे उदाहरण आहे.

पुढे काय झाले तेही व्यापाऱ्याने विसरू नये. नव्वदच्या दशकात आयात खुली झाली, चीनमधून स्वस्त पेनिसिलिन-जी येऊ लागले आणि आपल्याकडील कारखान्यांना त्या भावात माल देणे परवडेना. देशातील पेनिसिलिन-जीचे उत्पादन एकामागून एक बंद पडत गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पिंपरीचा हा कारखानाही आजारी उद्योगांत मोजला जाऊ लागला. शेवटी २०२० मध्ये केंद्र सरकारला औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणावी लागली आणि २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना पुन्हा उभा राहिला. कसब हाती होते तरी भावात हरलो, हा पिंपरीचा अनुभव आहे. पुढील सर्व विवेचन वाचताना तो लक्षात ठेवावा.

झाडाचे काम यीस्ट कसे करते?

पेनिसिलिनच्या बाबतीत बुरशीला औषध करण्याची कला उपजतच होती. झाडाच्या औषधाचे तसे नाही. यीस्टला सदाफुलीचे किंवा आर्टेमिसियाचे औषध करता येत नाही. ती कला तिला शिकवावी लागते.

ही गोष्ट आपल्या भागातील जॉबवर्कच्या उदाहरणाने चटकन समजेल. एखादा पार्ट तयार व्हायचा तर बार आधी लेथवर जातो, मग मिलिंगवर, मग ड्रिलिंग, मग ग्राइंडिंग. प्रत्येक मशीन एकच काम करते आणि माल पुढच्या मशीनकडे देते. झाडाच्या पेशीतही असेच चालते. साखरेपासून सुरुवात होते आणि एकामागून एक रासायनिक बदल होत शेवटी औषध तयार होते. हा प्रत्येक बदल करणारे 'मशीन' म्हणजे एन्झाइम, आणि ते मशीन कसे बनवायचे याचे ड्रॉइंग म्हणजे जनुक.

शास्त्रज्ञ झाडातील ही ड्रॉइंगे शोधून काढतात आणि यीस्टच्या पेशीत बसवतात. यीस्ट त्या ड्रॉइंगबरहुकूम मशीन बनवते आणि आपल्याकडील साखर त्या नव्या लाइनवर चढवते. पण एवढ्याने भागत नाही. यीस्टची स्वतःची कामे असतात. कच्चा माल तिकडे जास्त गेला तर औषधाची लाइन रिकामी चालते. म्हणून तिच्या घरच्या कामाची एखादी लाइन थोडी आवळावी लागते. एखादे मशीन मंद असेल तर तेथे माल साचतो आणि अर्धवट तयार झालेला पदार्थ यीस्टलाच विषासारखा बाधतो. शेड चालवणाऱ्याला या अडचणी परक्या वाटणार नाहीत.

आर्टेमिसिनिनची हकीकत

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेले उदाहरण मलेरियावरील औषधाचे आहे. आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ ही चीनमध्ये पूर्वापार तापावर वापरली जाणारी वनस्पती. युनानी दवाखान्यात मिळणारे अफसंतीन याच कुळातले. तिच्यातील आर्टेमिसिनिन हे द्रव्य शोधून काढणाऱ्या चिनी संशोधक तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २००१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियासाठी आर्टेमिसिनिनची संयुक्त औषधे वापरण्याची शिफारस केली आणि मागणी एकदम वाढली.

माल मात्र शेतातून यायचा. लावणीपासून औषध हाती येईपर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो. भाव चढला की शेतकरी भरमसाट लावतात, दुसऱ्या वर्षी माल जास्त होऊन भाव कोसळतो, तिसऱ्या वर्षी कोणी लावत नाही. किलोचा भाव कधी हजार डॉलरच्या आसपास, तर कधी तीनशेच्याही खाली, असा हेलकावे खात राहिला. कांद्याचा व्यापार पाहिलेल्यांना हे चक्र समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर उपाय म्हणून अमेरिकेतील बर्कले येथील प्राध्यापक जे कीसलिंग यांनी यीस्टकडून हे काम करून घ्यायचे ठरवले. गेट्स फाउंडेशनने २००४ मध्ये त्यासाठी ४ कोटी २६ लाख डॉलर दिले. २००६ मध्ये त्यांची यीस्ट औषधाच्या अलीकडचा टप्पा, म्हणजे आर्टेमिसिनिक अ‍ॅसिड, लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम इतके देऊ लागली. २०१३ पर्यंत हाच आकडा लिटरमागे २५ ग्रॅमवर गेला.

शेतकरी जसा एकरी उतारा पाहतो, तसा या धंद्यात लिटरमागे उतारा पाहतात. दहा हजार लिटरची टाकी धरली तर २००६ च्या यीस्टने तिच्यातून अवघा एक किलो माल निघाला असता. २०१३ च्या यीस्टने त्याच टाकीतून, तेवढ्याच जागेत, अडीचशे किलो निघतो. त्यावर रासायनिक क्रिया करून शंभर किलोच्या पुढे आर्टेमिसिनिन मिळते. शेतातून एवढेच औषध काढायचे तर, सुक्या पाल्यात एक टक्का औषध आहे असे धरले तरी, दहा टनांहून अधिक पाला लागेल. टाकीचे काम काही दिवसांचे आणि पावसावर अवलंबून नसणारे.

सनोफी या फ्रेंच कंपनीने इटलीतील गारेसियो येथे कारखाना तयार केला. वर्षाला ५० ते ६० टन, म्हणजे जगाच्या गरजेच्या साधारण एक तृतीयांश माल करण्याचा बेत होता. ना नफा ना तोटा या तत्त्वावर त्यांचा भाव किलोला ३५० ते ४०० डॉलर ठरला. परंतु त्याच सुमारास शेतातील माल मुबलक झाला आणि त्याचा भाव २५० डॉलरच्या खाली आला. २०१५ मध्ये कारखान्याने हे औषध अजिबात केले नाही आणि २०१६ मध्ये तो दुसऱ्या कंपनीला विकला गेला.

म्हणजे विज्ञान यशस्वी झाले, पण बाजारात शेतकऱ्याचा पाला स्वस्त ठरला. पिंपरीत टाकीचा माल स्वस्त टाकीच्या मालापुढे हरला. गारेसियोत टाकीचा माल शेतापुढे हरला. दोन्ही ठिकाणी निकाल भावाने लावला. म्हणून कोणी येऊन 'आता झाडाचा धंदा संपला' असे सांगू लागला तर घाबरू नये, आणि 'यीस्टच्या कंपनीत पैसे गुंतवा, दुप्पट होतील' असे सांगू लागला तर भुलूनही जाऊ नये. उतारा किती, खर्च किती आणि शेतातल्या मालाचा भाव काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

सदाफुली : जेथे टाकी अजून फार मागे आहे

आपल्या अंगणातील सदाफुलीच्या पानांतून विनब्लास्टिन व विनक्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे मिळतात. विनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर फार महत्त्वाचे आहे. २०१९ मध्ये अमेरिकेसारख्या देशातही त्याचा तुटवडा पडला होता. पानांत या द्रव्यांचे प्रमाण इतके कमी असते, की एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो सुका पाला लागतो.

२०२२ मध्ये कीसलिंग यांच्याच गटाने या औषधाचे दोन भाग, कॅथरँथिन आणि विंडोलिन, यीस्टमध्ये तयार करून दाखवले. त्यासाठी वनस्पतींची ३४ जनुके यीस्टमध्ये बसवावी लागली, यीस्टच्या स्वतःच्या दहा जनुकांत फेरफार करावे लागले आणि एकूण बदल ५६ झाले. म्हणजे ३४ मशीनची लाइन एका डोळ्यांनाही न दिसणाऱ्या शेडमध्ये बसवण्यासारखे हे काम. उतारा मात्र लिटरमागे कॅथरँथिन सुमारे अर्धा मिलिग्रॅम आणि विंडोलिन त्याहूनही कमी. आपल्या दहा हजार लिटरच्या टाकीतून फार तर पाच ग्रॅम. आर्टेमिसिनिनच्या अडीचशे किलोशी हा आकडा ताडून पाहिला तर कोणता धंदा उद्याचा आहे आणि कोणता परवाचा, हे कळून येते.

नंदुरबारचे डॉ. वाणी आणि सह्याद्रीतील अमृता

या विषयाशी महाराष्ट्राचे नाते आणखी एका थोर माणसामुळे आहे. डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबईत शिकून ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलिनात डॉ. मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी दोन औषधे शोधून काढली. १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल. टॅक्सॉल १९९२ मध्ये कर्करोगासाठी मंजूर झाले. कॅम्पटोथेसिनपासून बनवलेली टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे १९९६ मध्ये आली. लाखो रुग्णांना त्यांचा लाभ झाला. डॉ. वाणी यांचे २०२० मध्ये निधन झाले.

परंतु या औषधांची किंमत झाडांनी मोजली. एक किलो टॅक्सॉलसाठी सुमारे दहा हजार किलो साल लागे आणि साल काढली की झाड मरते. कॅम्पटोथेसिनची गोष्ट तर आपल्या दाराशी येऊन ठेपली. १९७२ मध्ये मुंबईच्या गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातील डॉ. गोविंदाचारी व डॉ. विश्वनाथन यांनी दाखवून दिले, की सह्याद्रीत वाढणाऱ्या एका झाडातही हे द्रव्य चांगल्या प्रमाणात आहे. कोणी त्याला अमृता म्हणतात, कोणी नरक्या. त्यानंतर कोल्हापूर, सिंधुदुर्ग, साताऱ्याच्या जंगलांतून या झाडाची चोरटी तोड सुरू झाली. खोड, मुळे, फांद्या सर्व तुकडे करून पोत्यांत भरले जाते. तोडणाऱ्या मजुराला थोडकी मजुरी मिळते, मालाचे मोल पुढे कोठे तरी वाढते, आणि पकडला जातो तो ट्रकचा ड्रायव्हर किंवा गोदामवाला.

यीस्टचा उपाय येथे खरोखर उपयोगी पडला असता, पण कॅम्पटोथेसिनची पूर्ण लाइन यीस्टमध्ये बसवून त्यावर व्यापार करता येईल, अशी स्थिती अजून आलेली नाही. जम्मूच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००५ मध्ये याच अमृता झाडाच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी केली, जी स्वतः थोडे कॅम्पटोथेसिन बनवते. परंतु अशा बुरशा झाडाबाहेर पिढ्यानपिढ्या वाढवल्या की ही कला विसरत जातात, असा पुढील अनुभव आहे. तोपर्यंत लागवडीच्या झाडातून, कागदपत्रांसह आलेला मालच व्यापाऱ्याने घ्यावा. वनखात्याच्या वाहतूक पासाशिवाय जंगलचा माल घेणे कायद्याने गुन्हा आहे, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेण्यात बरकत नाही, हे आपल्याला निराळे सांगावयास नको.

हलाल-हरामचा प्रश्न

अनेक वाचक विचारतात, की यीस्टमध्ये किंवा जीवाणूत फेरफार करून केलेले औषध घ्यावे काय? फतवा देणे हे या पानाचे काम नाही. त्यासाठी उलमांकडे जावे. परंतु प्रश्न नीट विचारता यावा म्हणून माहिती देणे आमचे कर्तव्य आहे.

इन्सुलिनचे उदाहरण घ्या. ते झाडाचे औषध नव्हे, पण मार्ग तोच. पूर्वी मधुमेहाचे इन्सुलिन डुकराच्या किंवा गायी-बैलांच्या स्वादुपिंडातून काढत. कित्येक दीनदार रुग्ण नाइलाजाने ते घेत. १९७८ मध्ये माणसाच्या इन्सुलिनचे जनुक जीवाणूत बसवण्यात यश आले आणि १९८२ मध्ये असे इन्सुलिन अमेरिकेत मंजूर झाले. आपल्याकडे हबील खोराकीवाला यांच्या वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये यीस्टपासून केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तिचे कारखाने आहेत. डुकराच्या इन्सुलिनवर अवलंबून राहण्याची गरज या विद्येमुळे संपली, ही मोठी सोय झाली.

तरीही तीन गोष्टी विचारण्याजोग्या राहतात. पहिली, सूक्ष्मजीवांना जे खाद्य दिले जाते त्यात पेप्टोनसारखे पदार्थ असतात; ते कधी वनस्पतीचे, कधी प्राण्यांचे असतात. दुसरी, औषध वेगळे काढताना कोणते द्रावण वापरले आणि ते अखेरीस मालात उरते काय. तिसरी, कॅप्सूलचे जिलेटिन कशाचे आहे. मोठ्या कंपन्या मागणी केल्यास प्राणिजन्य घटकांबाबतचे लेखी पत्र देतात. व्यापाऱ्याने तोंडी आश्वासनावर न राहता असे पत्र मागून फाइलला ठेवावे. इंडोनेशियाने २०१४ च्या कायद्याने औषधांनाही टप्प्याटप्प्याने हलाल प्रमाणपत्राच्या कक्षेत आणले आहे. तिकडे माल पाठवणाऱ्यांना ही सवय उद्या उपयोगी पडेल.

शेडवाल्या कारागिरांसाठी

आता आपल्या भागातील कारागिरांकडे वळू. औषध झाडाचे असो की जीवाणूचे, टाकी लागतेच, आणि टाकी चांगली बनवणारा हात पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. दापोडीला अल्फा लावल कंपनी पिढ्यानपिढ्या सेपरेटर व हीट एक्स्चेंजरच्या कामात आहे; यीस्ट द्रवापासून वेगळी करायला अशीच यंत्रे लागतात. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज ऐंशीच्या दशकापासून आंबवण्याच्या प्रक्रियेचे प्लँट देशोदेशी उभारत आहे. अशा मोठ्या कंपन्यांच्या कामांतूनच लहान शेडपर्यंत जॉबवर्क झिरपते.

परंतु दूध किंवा पाण्याची टाकी आणि औषधाची टाकी यांत फरक आहे. तो असा :

एक, पत्रा. साधारणपणे एसएस ३१६ एल लागतो. पत्र्याचे मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट आणि हीट नंबर शेवटपर्यंत जपून ठेवावा लागतो. भंगारातून आलेला पत्रा कितीही चकचकीत असला तरी येथे चालत नाही.

दोन, वेल्डिंग. बाहेरून सांधा सुरेख दिसून उपयोग नाही. आतून आर्गनचा पर्ज दिला नाही तर सांध्याच्या मागे काळपट, खरखरीत कवच येते. तेथे जंतूंना घर मिळते. सांध्यावर खाच, खड्डा किंवा पिनहोल राहता कामा नये.

तीन, फिनिश. आतला पृष्ठभाग बफिंग व इलेक्ट्रोपॉलिश करून इतका गुळगुळीत करतात की खरखरीतपणा अर्ध्या मायक्रॉनच्या आत यावा. त्यानंतर अ‍ॅसिडने पॅसिव्हेशन करतात, म्हणजे गंज धरत नाही.

चार, पाइपिंग. पाइपला उतार हवा, पाणी कोठेही साचू नये. टी-जोडाची बंद फांदी लांब ठेवली तर तेथे वाफ पोचत नाही. ही टाकी १२१ अंशांच्या वाफेने निर्जंतुक केली जाते. जेथे वाफ पोचली नाही, तेथे एखादा बाहेरचा जंतू जिवंत राहतो. आपली शिकवलेली यीस्ट औषध करण्याच्या ओझ्याने मंद वाढते; बाहेरचा जंतू मोकळा असल्याने झपाट्याने वाढतो आणि दोन दिवसांत टाकी त्याचीच होते. सबंध बॅच ओतून द्यावी लागते.

पाच, कागद. वेल्डरची पात्रता परीक्षा, प्रत्येक सांध्याचा नंबर, प्रेशर टेस्टचा अहवाल, फिनिशचे मोजमाप. आमच्या कारागिरांचा हात चांगला असतो, पण कागदाचा कंटाळा असतो. काम हातून जाते ते बहुधा येथेच.

यांपैकी कोणतीही गोष्ट आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेर नाही. आयटीआय झालेला वेल्डर वर्ष-सहा महिन्यांत हे शिकू शकतो. मशिनरीपेक्षा सवय बदलणे अवघड असते, एवढेच.

अत्तार व काष्ठौषधी व्यापाऱ्यांसाठी

सुगंधाच्या व्यापारातही हे वारे शिरले आहे. फिर्मेनिश या स्विस कंपनीने २०१४ मध्ये यीस्टच्या मार्गाने केलेले, पचोलीच्या वासाचे द्रव्य बाजारात आणले. पुढे चंदनाच्या वासाचेही आले. असा माल वाईट असतो असे नाही. तो एकसारखा मिळतो आणि जंगलही वाचते. परंतु तो 'अस्सल म्हैसूर चंदन' म्हणून विकणे ही फसवणूक होय. मालातील ऐब लपवून विकण्याला आपल्या दीनमध्ये किती सक्त मनाई आहे, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. बाटलीवर जे आहे तेच लिहावे. अस्सल मालाला गिऱ्हाईक राहणारच. त्याचा भाव त्याच्या अस्सलपणाच्या पुराव्यावर ठरेल. म्हणून माल कोणत्या गावचा, कोणत्या हंगामाचा, कोणत्या प्रयोगशाळेने तपासलेला, याची नोंद ठेवण्याची सवय आतापासून लावावी.

जैवविविधता कायदा २००२ मध्ये आला आणि २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. जंगली वनस्पतींचा व्यापार करणाऱ्यांनी आपला माल त्यात कोठे बसतो, हे वकिलाला किंवा राज्य जैवविविधता मंडळाला विचारून घ्यावे.

नियम आणि नदी

जनुके बदललेले सूक्ष्मजीव कोणालाही गोदामात वाढवता येत नाहीत. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि त्यावर केंद्राच्या समित्या यांची परवानगी लागते. टाकीतून बाहेर पडणारे पाणीही आधी तापवून त्यातील सूक्ष्मजीव मारून मगच सोडायचे असते.

हा नियम कोणाला जाचक वाटेल. परंतु रावेतजवळच्या बंधाऱ्यातून उचललेले पवनेचे पाणीच पिंपरी-चिंचवडचे बहुतेक लोक पितात. आपल्या पट्ट्यातील कारखान्यांचे सांडपाणी शेवटी पवनेला किंवा इंद्रायणीला मिळते आणि खालच्या गावांपर्यंत जाते. वुजूचे पाणी पाक असावे म्हणून जो काळजी घेतो, त्याने आपल्या शेडच्या गटारातून नदीला काय जाते याचीही काळजी घ्यावी. पॅसिव्हेशनचे अ‍ॅसिड नाल्यात ओतणे हा आपल्या कारागिरांच्या हातून होणारा प्रकार ताबडतोब थांबला पाहिजे.

काय करावे?

ज्यांना या विषयात पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी पुण्यासारखे ठिकाण नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथून उद्योगांना सूक्ष्मजीवांचे नमुने रीतसर मिळतात. त्याच परिसरात नवउद्योजकांसाठी व्हेंचर सेंटर चालते. कॅम्पातील आझम कॅम्पसमध्ये अल्लाना फार्मसी कॉलेज आणि झेड.व्ही.एम. युनानी वैद्यकीय महाविद्यालय एकाच आवारात आहेत. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये जैवउत्पादनाचे बायोई-३ धोरण मंजूर केले आहे. त्यातून नवे प्लँट उभे राहिले तर टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह यांची मागणी वाढेल.

काष्ठौषधी व्यापाऱ्याने आपल्या दुकानातील मालाची यादी करावी. ज्या मालातून एकच द्रव्य काढून विकले जाते, तो माल उद्या टाकीत जाण्याचा संभव आहे. त्यावर सर्व भांडवल अडकवू नये. जो माल समग्र रूपात, काढा, माजून किंवा चूर्ण म्हणून वापरला जातो, त्याला ही भीती कमी आहे. शेडवाल्याने पुढच्या वर्षभरात एक वेल्डर आणि एक कागदपत्र सांभाळणारा मुलगा या कामासाठी तयार करावा. आणि ज्यांच्या घरात बारावी सायन्सची मुलगी किंवा मुलगा आहे, त्यांनी मायक्रोबायोलॉजी व बायोटेक्नॉलॉजी या शाखांची चौकशी करावी. बापाचा टाकी बनवण्याचा हात आणि लेकीचे टाकीत काय वाढते याचे ज्ञान एका घरात आले, तर त्या घराची रोजी दुसऱ्याच्या भावावर कमी अवलंबून राहील, इन्शाअल्लाह.